पस्तीस अडथळे

2016 च्या ऑगस्टमध्ये ललिता बाबर रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली आणि दोन दिवस सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी मोही गाव होतं. साताऱ्याचा माण तालुका, दुष्काळी पट्टा, शेतकऱ्याचं घर आणि तिथून थेट ब्राझील. यातलं खोटं काहीच नव्हतं. पण तीन हजार मीटर स्टीपलचेस ही शर्यत धावायची कशी, अडथळ्यावरून जाताना मागच्या पायाचं काय करायचं, पाण्याच्या खड्ड्यात पाऊल कुठे पडलं पाहिजे, याबद्दल अवाक्षर नाही. कुस्तीच्या फडावरून परतणारा माणूस ढाक टाकली की कलाजंग, घिस्सा कसा बसला, हे हातवारे करून चार जणांना सांगतो. धावणाऱ्या पोरीच्या वाट्याला येतो तो एकच शब्द, जिद्द. जिद्द असतेच, नाहीतर पहाटे पाचला मैदानावर कोण येतं? पण नुसत्या जिद्दीने अडथळा ओलांडायला गेलं की गुडघा फुटतो.

आधी शर्यत समजून घेऊ. अंतर तीन हजार मीटर. वाटेत 28 कोरडे अडथळे आणि 7 वेळा पाण्याची उडी, म्हणजे एकूण 35. दर फेरीला पाच अडथळे, त्यातला चौथा पाण्याचा. सुरुवातीच्या अर्ध्यामुर्ध्या फेरीत अडथळे नसतात, मग सात पूर्ण फेऱ्या. महिलांसाठी अडथळ्याची उंची 76.2 सेंटीमीटर, पुरुषांसाठी 91.4. लांबी चार मीटरला जेमतेम कमी, वजन 80 ते 100 किलो आणि वरची तुळई 12.7 सेंटीमीटर चौरस. शंभर मीटर हर्डल्समधला अडथळा पाय लागला की आडवा होतो आणि शर्यत चालू राहते. स्टीपलचेसचा अडथळा हलत नाही. त्याला पाय लागला तर आडवी होते ती धावणारी.

शंभर मीटर हर्डल्समध्ये दोन अडथळ्यांतलं अंतर ठरलेलं, मधली पावलंही ठरलेली. इथे दोन अडथळ्यांमध्ये ऐंशीएक मीटर असतात, पावलं मोजून भागत नाही. वेग दर फेरीला थोडा बदलतो, थकल्यावर ढांग आखूड होते, पुढे सात-आठ जणींच्या पाठी असतात. त्यामुळे पंधरा-वीस मीटर अलीकडूनच नजरेने अंदाज घ्यावा लागतो की या लयीत अडथळ्याशी डावा पाय येणार की उजवा. जिला एकाच पायावरून उडता येतं, तिला दर दोन अडथळ्यांमागे एकदा तरी तुरुतुरु बारीक पावलं टाकून जुळवून घ्यावं लागतं. प्रत्येक वेळी वेग मोडतो आणि तो परत उभा करायला दम जातो. म्हणून दोन्ही पायांनी टेक-ऑफ घेता येणं ही इथली पहिली पात्रता. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डाव्या हाताने लिहायला लावावं तसं हे सुरुवातीला अवघड जातं, आणि महिनोन् महिने जातं.

कोरड्या अडथळ्यावर चांगली उडी म्हणजे उंच उडी नव्हे, कमीत कमी उंच उडी. साधारण सव्वा ते दीड मीटर अलीकडून पाय सुटतो, पुढचा गुडघा आधी वर येतो, मग पाय उलगडतो, छाती किंचित पुढे झुकते. कंबर तुळईवरून अगदी थोडक्यात निसटली पाहिजे. वर गेलेला प्रत्येक सेंटीमीटर खालीही यावा लागतो, आणि हवेत असताना कुणी वेग वाढवू शकत नाही. मागच्या पायाचा गुडघा बाजूने काखेकडे आला पाहिजे, पाऊल बाहेर वळलेलं. कंबरेचा सांधा आखडलेला असला की हा गुडघा खाली लोंबतो आणि नडगी तुळईच्या कडेवर आपटते. भिंतीला दोन्ही हात टेकून, बाजूला अडथळा ठेवून फक्त मागचा पाय फिरवण्याचा व्यायाम म्हणूनच रोजचा असतो. प्रेक्षकाला त्यात बघण्यासारखं काही नाही. करणारीलाही कंटाळवाणाच.

खरी मजा पाण्यावर आहे.

खड्डा अडथळ्यासकट 3.66 मीटर लांब. अडथळ्याच्या पायाशी पाणी सगळ्यात खोल, नव्या नियमाने सुमारे 50 सेंटीमीटर, जुन्या बांधणीच्या खड्ड्यांत 70. तिथून तळ चढत चढत ट्रॅकच्या पातळीला येतो. म्हणजे जितकं लांब पडाल तितकं उथळ पाणी. बहुतेक जणी इथे तुळईवर पाय ठेवतात. शेवटच्या दहा-पंधरा मीटरमध्ये वेग वाढवायचा (नवशिकी नेमकी इथेच कमी करते), तुळईच्या वरच्या कडेवर तळव्याचा मधला भाग टेकवायचा, गुडघा चांगला वाकलेला ठेवायचा, उभं राहायचं नाही. अंग पायावरून पुढे लोटलं गेलं की मग स्पाइक्सचे खिळे तुळईच्या पुढच्या कडेत रुतवून मागे ढकलायचं. ढकलायचं ते पुढच्या दिशेने, वरच्या नाही. एक पाय काठापासून एक-दीड फूट आत, जेमतेम घोटाभर पाण्यात पडतो आणि दुसरा थेट कोरड्या ट्रॅकवर. तिथे थांबणं नाही, ते पाऊल धावण्याचंच असतं.

बिघडतं तेव्हा ते एका साखळीने बिघडतं. पाण्याची भीती वाटली की येताना वेग कमी होतो. वेग कमी म्हणून तुळईवर चढायला जोर लागतो, चढल्यावर अंग सरळ उभं होतं, उभ्या अंगाला पुढे ढकलता येत नाही, मग धावणारी सरळ खाली उतरते. दोन्ही पाय खोल पाण्यात. बाहेर येईपर्यंत पुढची टोळी दहा मीटर लांब गेलेली. शिक्षक ओरडतात, ‘जोरात ढकल’, पण चूक ढकलण्यात नसतेच, ती पंधरा मीटर मागे झालेली असते. उलट टोकाचीही चूक होते. काही धडधाकट मुली पूर्ण खड्डा ओलांडून कोरड्यावर उतरायचा हट्ट धरतात. दिसायला रुबाबदार, पण त्या उडीत जाणाऱ्या ताकदीची किंमत पुढच्या दोनशे मीटरमध्ये मोजावी लागते आणि घोट्याला बसणारा हिसका वेगळाच. थोडं पाणी अंगाला लावून घेणंच शहाणपणाचं, कारण पाणी हादरा खातं.

इथे एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. महिलांचा अडथळा पुरुषांपेक्षा 15 सेंटीमीटर ठेंगणा, म्हणून त्यांची शर्यत सोपी, असा सर्रास समज आहे. पण खड्डा दोघांनाही एकच, 3.66 मीटर. साधा हिशेब करा. 91.4 सेंटीमीटरवरून खाली यायला 0.43 सेकंद लागतात, 76.2 वरून 0.39. हवेतला वेळ कमी आणि पार करायचं अंतर मात्र तेवढंच. शिवाय महिलांचा धावण्याचा वेगही पुरुषांपेक्षा कमी असतो, म्हणजे कमी वेगाने, कमी वेळात, तेवढंच लांब जायचं. कोरड्या अडथळ्यावर ठेंगणी तुळई फायद्याची. पाण्यावर तीच अंगावर येते.

आता ललिताचे आकडे वाचून बघा. 2014 च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत तिची वेळ होती 9 मिनिटं 35.37 सेकंद. कांस्यपदक मिळालं, आणि चौथ्या आलेल्या भारताच्याच सुधा सिंगची वेळ होती 9:35.64. फरक 0.27 सेकंदाचा, म्हणजे पाण्यावर एक पाऊल चुकलं असतं तर पदक गेलं असतं. पुढच्या वर्षी वुहानला आशियाई अजिंक्यपद 9:34.13 मध्ये, मग बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरी आणि आठवा क्रमांक. रिओच्या प्राथमिक फेरीत 9:19.76, नवा राष्ट्रीय विक्रम. इंचॉनपासून 15.61 सेकंदांची सुधारणा. 35 अडथळ्यांनी भागलं तर दर अडथळ्यामागे अर्ध्या सेकंदाहून थोडं कमी. अर्थात सगळी सुधारणा अडथळ्यांवरच झाली असं नाही, फुप्फुसांचा आणि पायांचा वाटा मोठा होता. पण या भागाकारातून हा खेळ कळतो. 9:19.76 म्हणजे दर चारशे मीटरला साधारण 74.6 सेकंद, मध्ये पाच अडथळे घेऊन. गावातल्या एखाद्या तरुण पोराला अडथळ्यांशिवाय एक फेरी या वेळेत मारायला सांगा. पहिली मारेल. तिसऱ्या फेरीला विचारा.

अंतिम फेरी 15 ऑगस्टला झाली. बहारीनच्या रुथ जेबेटने 8:59.75 मध्ये सुवर्ण नेलं, ललिता 9:22.74 सह दहावी. दहावी म्हटल्यावर आपल्याकडे बातमी संपते. पण ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी त्याआधी भारतीय महिलेने गाठली होती ती 1984 मध्ये, पी. टी. उषाने. मध्ये 32 वर्षं गेली. आणि ज्या शर्यतीत ललिता धावली ती महिलांसाठी ऑलिंपिकमध्ये आलीच मुळी 2008 मध्ये. पुरुषांची तीन हजार मीटर स्टीपलचेस 1920 पासून चालू होती. 88 वर्षं ‘बायकांना हे झेपणार नाही’ यावर काढली. 1928 मध्ये महिलांची 800 मीटर शर्यत एकदा घेतली आणि पुढे 1960 पर्यंत बंद ठेवली, त्याच डोक्याने. मॅरेथॉन 1984 मध्ये आली, दहा हजार मीटर 1988 मध्ये, पाच हजार 1996 मध्ये. म्हणून महिलांच्या विक्रमांची तुलना करताना हे ध्यानात ठेवायला हवं की पुरुषांच्या हातात प्रशिक्षणाची चार पिढ्यांची शिदोरी आहे, यांच्या हातात एका पिढीचीही नाही. तरीही केनियाच्या बीट्रिस चेपकोएचने 2018 मध्ये मोनॅकोला 8:44.32 नोंदवलं. फेरीला सत्तर सेकंदांच्या आत!

त्या चेपकोएचचीच आदल्या वर्षीची गोष्ट. लंडन, 2017, जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी. पाण्याचा खड्डा पुष्कळ स्टेडियममध्ये ट्रॅकच्या आत असतो, तिकडे वळावं लागतं. ती वळायची विसरली आणि सरळ धावत गेली. लक्षात आल्यावर मागे फिरली, सगळ्या जणी पुढे गेल्यावर उडी मारली, आणि मग एकेकीला गाठत चौथी आली. मागे फिरली नसती तर बाद झाली असती, कारण एकही अडथळा चुकवता येत नाही आणि अडथळ्याच्या बाहेरून पायही काढता येत नाही. तुळईवर पाय ठेवा, हात टेका, हवं तसं जा, पण वरूनच जा. इंचॉनला रुथ जेबेटचं पाऊल ट्रॅकच्या आतल्या बाजूला पडलं म्हणून तिला आधी बाद केलं आणि मग निर्णय फिरवून सुवर्ण परत दिलं. धाप लागलेल्या डोक्याने या सगळ्याचं भान ठेवायचं असतं.

पारुल चौधरीचं उदाहरण तर शिकवण्यासारखं आहे. मेरठजवळच्या गावची ही मुलगी 2022 मध्ये सपाट तीन हजार मीटर 8:57.19 मध्ये धावली, नऊ मिनिटांच्या आत जाणारी पहिली भारतीय महिला. त्याच महिन्यात ऑरेगॉनच्या जागतिक स्पर्धेत तिची स्टीपलचेसची वेळ होती 9:38.09. फरक चाळीस सेकंदांहून जास्त. कोच मंडळी हाच फरक बघतात. तो मोठा असला की समजायचं, इंजिन तयार आहे, अडथळ्यावर गळती आहे. वर्षभराने बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तिने 9:15.31 नोंदवून ललिताचा विक्रम मोडला. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी पाच हजार मीटरमध्ये शेवटच्या काही मीटरवर जपानी धावपटूला गाठून सुवर्ण. आदल्या दिवशी सात वेळा पाण्यात उतरलेले पाय होते ते. 2025 मध्ये तिने वेळ 9:12.46 वर आणली. सुधा सिंगने 2010 मध्ये ग्वांगझूला आशियाई सुवर्ण जिंकलं होतं ते 9:55.67 मध्ये. पंधरा वर्षांत 43 सेकंद. ही वाट सुधाने पाडली, ललिताने रुंद केली, हे पारुलचं कौतुक करताना विसरायचं कारण नाही.

शरीराबद्दल दोन गोष्टी, कारण मुलींच्या प्रशिक्षणात सर्वांत जास्त नुकसान याच दोन ठिकाणी होतं. पहिली लोहाची. लांब पल्ल्याच्या धावण्यात घामातून, टाचांच्या आपटण्यातून आणि पाळीतून लोह जातं. हिमोग्लोबिन बरं दिसतं म्हणून निश्चिंत राहू नये, साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी वेगळी करावी लागते. हिमोग्लोबिन 12 असलेली मुलगी फेरिटिन तळाला गेल्यामुळे महिनाभर ‘आळशी’ ठरते, सरांची बोलणी खाते. डॉक्टरांनी गोळी दिली तर ती लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा आणि दूध तिच्यापासून तासभर तरी लांब. जेवणावर लगेच चहा ही आपल्या घराघरातली सवय धावणाऱ्या मुलीला चांगलीच महागात पडते.

दुसरी पाळीची. सराव वाढला आणि पाळी थांबली तर ‘बरंच झालं, कटकट गेली’ असं मुली म्हणतात, कधी कोचही मान डोलावतात. ती फिट झाल्याची खूण नाही, ती उपासमारीची खूण आहे. जेवढं धावणं तेवढं खाणं नसलं की शरीर आधी पुनरुत्पादनाचा खर्च बंद करतं आणि मग हाडांचा. तीन महिने पाळी आली नाही तर सराव कमी करून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला हवं. नाहीतर पुढच्या मोसमात नडगीला किंवा पावलाच्या हाडाला बारीक तडा जातो, आणि स्टीपलचेसमध्ये दर उडीला एका पायावर पडणारे पस्तीस हादरे तो तडा लपू देत नाहीत. भाकरी वाढवा, शेंगदाणे, गूळ, अंडी, दूध वाढवा. सराव संपल्यावर अर्ध्या तासात पोटात काहीतरी गेलं पाहिजे. अभ्यासाला बसलेल्या मुलाला हातात दूध मिळतं आणि आठ किलोमीटर धावून आलेल्या मुलीला आधी केरवारे, अशी घरं अजून आहेत. तिथे कोचने आईवडिलांशी बोलणं हा सरावाचाच भाग.

एखाद्या शाळेला मुलींना स्टीपलचेस शिकवायचीच असेल तर पाण्यापासून सुरुवात करू नये. आधी गवतावर किंवा मऊ मातीवर 40-50 सेंटीमीटरचे अडथळे, एकदा डाव्याने, एकदा उजव्याने, वेग मोडू न देता. मग उंची वाढवत 76.2 पर्यंत. हर्डल्सचे हलके अडथळे वरून जायला चालतील, पण त्यांवर पाय ठेवायला कधीही देऊ नये. ते उलटतात आणि तोंडावर पडायला होतं. पाय ठेवायचा सराव जमिनीत पक्क्या पुरलेल्या खांबांवरच्या जाड लाकडावर करावा, आणि पलीकडे लांब उडीचा वाळूचा खड्डा असावा. तीन मीटरवर वाळूत दोरी टाकून ठेवली की मुलीला आपणहून कळतं, आज कुठे पडले. वाळूत ती दोरी सहज पार व्हायला लागली की मग पाणी. आणि शेवटी हे सगळं थकलेल्या पायांनी, म्हणजे चारशे मीटरच्या फेऱ्या पाच-पाच अडथळ्यांसह, मध्ये थोडी विश्रांती. ताज्या पायांची सुंदर उडी बघून खूश होणारा कोच शर्यतीच्या सहाव्या फेरीला डोकं धरून बसतो. बूटही ओलेच घालून सराव करावा. पाणी झटकन बाहेर जाणारी जाळी असलेले स्पाइक्स घ्यावेत, जाड मोजे घालू नयेत, ओल्या जाड मोज्यांनी टाचेला फोड येतात.

अडचण शेवटी खड्ड्यापाशीच येते. बालेवाडीसारख्या ठिकाणी, जिथे 2013 ची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली, सगळं आहे. पण जिल्ह्याच्या कितीतरी मैदानांवर खड्डा असलाच तर कोरडा असतो, तळाची सिंथेटिक चटई उखडलेली, आत पालापाचोळा. कोरड्या खड्ड्यात उडी मारायला लावणं हे पाण्यापेक्षा धोक्याचं, कारण हादरा खायला काहीच नसतं आणि उतारावर घोटा मुरगळतो. असा खड्डा भरायला पाणी लागतं किती? नियमाच्या मापाने चार-सव्वाचार हजार लिटर, जुन्या खोल खड्ड्याला पाच हजार. दहा हजार लिटरच्या टँकरचा निम्मा. सराव झाल्यावर तेच पाणी मोटर लावून मैदानाच्या मातीवर मारता येतं, तिथे ते एरवीही मारावंच लागतं. माणसारख्या तालुक्यात ऐन उन्हाळ्यात अर्धा टँकर मागायला कुणाची जीभ रेटणार नाही, ते बरोबरच आहे. पण ऑगस्ट ते जानेवारी या सहा महिन्यांत, जिल्हा आणि राज्य स्पर्धांच्या तोंडावर, आठवड्यातून एकदा तो खड्डा भरून ठेवायला जिल्हा क्रीडा कार्यालयाला काय हरकत असावी?